रबर-अननसाच्या मोठ्या बागा आणि शेजारचे गाव : कुंपण घालण्याआधी काय ठरायला हवे?

डोंगरवाट (धागालेखक) :

सिंधुदुर्गातील दोडामार्ग आणि सावंतवाडी तालुक्यांत गेल्या काही दशकांत रबर आणि अननसाची लागवड बरीच वाढली आहे. आधी केरळमधून अनुभवी बागायतदार आले, त्यांनी डोंगरउताराच्या जमिनी घेतल्या, आणि त्यांच्या मागोमाग भांडवल घेऊन येणारे मोठे खरेदीदार आले. या विषयावर आपल्याकडे चर्चा निघाली की ती दोन टोकांना जाते. एका बाजूला ‘आमच्या जमिनी गेल्या’ हा संताप असतो, तर दुसऱ्या बाजूला ‘पडीक डोंगर होता, निदान काही पिकले तरी’ हे समाधान. मला त्या वादात शिरायचे नाही. बाग झालेली आहे किंवा होणारच आहे असे गृहीत धरले, तर ती चालवणाऱ्या कंपनीने शेजारच्या गावाशी कसे वागावे, एवढ्याच प्रश्नासाठी हा धागा आहे.

कंपन्यांशी बोलताना असे दिसते की गावाला मदत म्हणजे शाळेला रंग, मुलांना दप्तरे, मंदिराच्या जीर्णोद्धाराला देणगी आणि गणपतीत मंडळाला वर्गणी, अशी त्यांची समजूत असते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार सामाजिक उत्तरदायित्वासाठी सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के खर्च करण्याचे बंधन आहे, पण ते ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक तरी अट पूर्ण करणाऱ्या कंपन्यांनाच लागू होते. कोकणातील बहुतेक लागवडी या मर्यादेच्या कितीतरी खाली आहेत. तेव्हा ती मदत मिळाली तर तो मालकाचा चांगुलपणा समजावा. माझे म्हणणे असे आहे की चांगुलपणाचा हिशेब नंतर करावा. ज्या गोष्टी गावाच्या वहिवाटीच्या आहेत त्या न मोडणे हे आधीचे काम आहे, आणि त्याला फारसा पैसाही लागत नाही.

पहिली गोष्ट पाण्याची. आपल्याकडे डोंगरातून येणाऱ्या व्हाळावर (ओढ्यावर) माती, दगड आणि फांद्यांचा तात्पुरता बंधारा घालून पाटाने पाणी वायंगणाला (उन्हाळी भाताला) आणि पोफळीला नेण्याची पद्धत जुनी आहे. तो बंधारा कोणी घालायचा, पाळी कोणाची, आटण्याच्या दिवसांत पाणी आधी कोणाला, हे वाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ठरवलेले असते आणि बहुतेकदा ते कुठेही लिहिलेले नसते. वरच्या अंगाला नवा मालक येतो, रोपवाटिकेसाठी व्हाळात पंप टाकतो किंवा उगमाजवळ तळे खोदतो, आणि फेब्रुवारीत खालच्या पाटाला पाणी येत नाही. त्याने कोणाचे वाईट चिंतलेले नसते; त्या पाण्याला खाली कोणी धनी आहे हे त्याला ठाऊकच नसते, कारण सातबाऱ्यावर ते दिसत नाही.

दुसरी गोष्ट वाटांची. पाणंद, गुरांची वाट, शेजारच्या वाडीची शाळेची वाट, मसणवटीची वाट, दसऱ्याला ग्रामदेवतेचे तरंग (सजवलेले देवखांब) ज्या मार्गाने निघतात ती वाट, देवराईत जायची वाट. डोंगर मोकळा होता तोवर या वाटांना कोणाचीच हरकत नव्हती. तारेचे कुंपण पडले की त्याच वाटेने जाणारा माणूस एका दिवसात घुसखोर ठरतो. भाजावळीसाठी (भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी) कवळ म्हणजे पालाफांद्या तोडणे, पावसाळ्यात गवत कापणे, जळाऊ काटक्या वेचणे ही कामेही त्याच डोंगरावर चालत असत. ती सगळी बागेत चालू ठेवता येणार नाहीत हे मला मान्य आहे, पण कोणती बंद होणार आणि त्याऐवजी काय, हे विचारण्याची तसदी तरी कोणी घ्यावी.

तिसरी गोष्ट फवारणीची. अननसाला एकाच वेळी फूल यावे म्हणून संप्रेरक वापरतात, तण मारण्यासाठी तणनाशक वापरतात, आणि पावसाळ्याआधी रबराच्या पानगळीच्या रोगावर ताम्रयुक्त बुरशीनाशक मारतात. सुपारीच्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण आपणही फवारतो, त्यामुळे ताम्रयुक्त औषध हे काही बाहेरून आलेले संकट नव्हे. फरक प्रमाणाचा आणि जागेचा आहे. शेकडो एकरांच्या उतारावर मारलेले तणनाशक पहिल्या पावसात ज्या व्हाळात उतरते, त्याच व्हाळाकाठी खालच्या वाडीची विहीर असते. फवारणीची तारीख आणि औषधाचे नाव दोन दिवस आधी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावणे आणि व्हाळाच्या दोन्ही काठांना झाडोऱ्याचा पट्टा न फवारता सोडणे, इतके तरी व्हावे.

जनावरांचा विषय मी मुद्दाम शेवटी घेतला, कारण त्यात दोष कोणा एकाचा नाही. साधारण २००२ पासून कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरू लागले, गव्यांचा आणि माकडांचा त्रास वेगळाच. मोठ्या बागेला सौरकुंपण परवडते, शेजारच्या दोन एकरवाल्याला परवडत नाही, आणि अडवलेले जनावर अर्थातच त्या दोन एकरांत शिरते. कुंपणाची आखणी शेजाऱ्यांबरोबर बसून केली तर हा भार एकाच्याच अंगावर पडणार नाही.

आपापल्या भागातील अनुभव लिहावेत. कंपनीचे किंवा व्यक्तीचे नाव घेऊ नये, व्यवहार कसा झाला ते सांगावे.


जुना सातबारा :

महसूल खात्यात नोकरी केल्यामुळे काही गोष्टी स्पष्ट कराव्याशा वाटतात. धागालेखकांनी म्हटल्याप्रमाणे वहिवाट सातबाऱ्यावर दिसत नाही हे खरे, पण ती कुठेच दिसू नये अशी कायद्याची इच्छा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६५ मध्ये वाजिब-उल-अर्ज या नोंदीची तरतूद आहे. खाजगी जमिनीतून किंवा पाण्यातून गावाला असलेले पाटपाण्याचे, जाण्यायेण्याच्या वाटेचे आणि मासेमारीचे रिवाज त्यात लिहायचे असतात. कोकणातील किती गावांत ही नोंद जिवंत आहे, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या तलाठ्याला विचारावा. जमीन घेणाऱ्या कंपनीच्या वकिलाने शोध घेताना सातबारा, फेरफार आणि आठ-अ पाहून न थांबता ही नोंदही मागितली, तर निम्मी भांडणे उद्भवणारच नाहीत असे माझे मत आहे.

वाट अडवली गेली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. आपली माणसे वर्षभर ‘बघू, समजुतीने होईल’ म्हणत थांबतात आणि मग मुदत गेल्यावर कचेरीत येतात. महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो, तो मार्ग वेगळा आणि संथ आहे. वीस वर्षांहून अधिक काळ उघडपणे आणि विनाअडथळा वापरलेल्या वाटेला व पाण्याला १८८२ च्या सुखाधिकार कायद्याचे संरक्षण आहे, पण त्यासाठी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते.

आता खरे दुखणे. कोकणातला सातबारा सामायिक असतो. एका गटात पंचवीस-तीस नावे, त्यांतली निम्मी मुंबईत, काही मयत, वारसनोंद झालेली नाही. त्यातले तीन-चार चाकरमानी हिस्सेदार आपला अविभक्त हिस्सा विकतात. कागदावर खरेदीदार केवळ सहहिस्सेदार होतो, पण जागेवर तो पाण्याजवळचा आणि रस्त्यालगतचा चांगला तुकडा धरून कुंपण घालतो. महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटप करून घ्यावे, मोजणी व्हावी, मग ताबा घ्यावा, हा सरळ मार्ग वेळखाऊ आहे म्हणून टाळला जातो. त्यातच कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन थेट घेता येत नाही आणि कमाल जमीनधारणा कायद्याने कोरडवाहू जमिनीलाही ५४ एकरांची मर्यादा आहे. मग व्यवहार वेगवेगळ्या शेतकरी व्यक्तींच्या नावांवर होतात आणि गावाला बोलायला समोर नेमका कोण, हेच कळत नाही. गावाचा आदर करायचा असेल तर कंपनीने पहिल्या दिवशी ग्रामसभेत येऊन सांगावे की या या गटांतील जमीन आमच्या व्यवस्थापनाखाली आहे, आमचा जबाबदार माणूस हा आहे, आणि वाटप होईपर्यंत आम्ही कुंपण घालणार नाही.

आंबोली, गेळे आणि चौकुळ या गावांतील कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न सर्वांना माहीत आहेच. तिथे तर मालकी कोणाची यावरच वर्षानुवर्षे घोळ चालला. अशा जमिनीच्या जवळपास जाताना बागायतदाराने दुप्पट सावध असावे.


मळ्यावरचा :

मी अशाच एका मोठ्या बागेचे व्यवस्थापन पाहतो. धाग्यातील सूर संयमित आहे म्हणून लिहीत आहे.

पाण्याबद्दल आणि फवारणीच्या सूचनेबद्दल जे लिहिले आहे ते मला पटते. वाटांबद्दलही हरकत नाही, चीक काढणाऱ्या झाडांच्या ओळींमधून गुरे जाऊ लागली तर मात्र वाट्या आणि पावसाळी आडोसे मोडतात, एवढे लक्षात घ्यावे. रबराचे झाड साधारण सातव्या वर्षी चिकाला येते. तोवर सात वर्षे केवळ खर्च असतो, मधल्या पहिल्या तीन-चार वर्षांत अननस घेतला तर थोडा हात मिळतो. या काळात गावाला वाटते की कंपनीकडे पैशांचे झाड आहे, प्रत्यक्षात मालक कर्जाचे हप्ते भरत असतो.

मला एकच गोष्ट विचारायची आहे. गावाशी बोला म्हणता, तर गाव म्हणजे कोण? आम्ही सुरुवातीला ग्रामपंचायतीत गेलो, तिथे एक गट म्हणाला की आमच्याशी बोला. देवस्थानच्या मानकऱ्यांकडे गेलो तर पंचायत नाराज झाली. वाडीची बैठक घेतली तर गावच्या मुंबईकरांच्या मंडळाचे, म्हणजे मुंबई मंडळाचे, पत्र आले की आम्हाला विचारल्याशिवाय काही ठरवू नका. एका गृहस्थाने वाटेचा प्रश्न मिटवून देतो म्हणून पैसे मागितले, दिले असते तर पुढच्या वर्षी दुसरा आला असता. जमीन विकणारेही याच गावचे होते आणि विकताना त्यांनी पाटाचा, तरंगांच्या वाटेचा उल्लेख केला नाही. सगळी जबाबदारी घेणाऱ्याच्या डोक्यावर टाकून कसे चालेल?


काजूबोंडू :

एक बारीकशी पण महत्त्वाची बाब राहिली. काजूला भरपूर ऊन लागते. बांधाला लागून रबराची ओळ लावली की काही वर्षांनी शेजाऱ्याच्या काजूवर सावली पडते आणि त्या बाजूला मोहोर धरत नाही. आमच्याकडे अशा दोन ओळींवरून बोलाचाली थेट पोलीस ठाण्यापर्यंत गेली. बांधापासून पुरेसे अंतर सोडून तिथे कंपनीने स्वतःच काजू किंवा कोकम लावावे. सोडलेली जागा वायाही जात नाही आणि शेजारीही तुटत नाही.


वैनगंगा :

कोकणातील चर्चेत विदर्भाचा अनुभव भर घालू शकेल असे वाटते. आमच्याकडे लागवड करणारी कंपनी खाजगी नाही, ती सरकारचीच आहे. महाराष्ट्र वन विकास महामंडळाची स्थापना १९७४ साली झाली. मिश्र जंगल तोडून त्या जागी सागाची लागवड करणे हा त्याच्या कामाचा मोठा भाग राहिला. नकाशावर तेव्हाही हिरवे होते आणि आताही हिरवेच आहे. पण मिश्र जंगलातून मोह, चारोळी, तेंदू, हिरडा, कंद, रानभाज्या मिळत, सागाच्या ओळींतून यातले फार थोडे मिळते. जंगल उभे असूनही घरातले अन्न कमी झाले, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला पटवून देणे फार कठीण जाते.

गडचिरोलीत २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर चित्र काही अंशी पालटले. त्या कायद्याच्या कलम ३(१)(झ) प्रमाणे सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क गावाला आहे. मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरांवर तो मान्य झाला आणि पुढे अनेक ग्रामसभांनी आपल्या क्षेत्रातील बांबू आणि तेंदूपाने स्वतः विकायला सुरुवात केली. काही ग्रामसभांनी महामंडळाच्या तोडीला ठराव करून विरोधही केला. ठराव झाल्यामुळे ‘गाव म्हणजे कोण’ या प्रश्नाचे उत्तर निदान कागदावर तरी एकच राहिले.

‘मळ्यावरचा’ यांना सांगावेसे वाटते की मेंढा-लेखासारख्या गावांतही मतभेद नसतात असे नाही. तिथे सर्वसहमती होईपर्यंत निर्णय लांबवण्याची रीत आहे, आणि घाईत असलेल्या माणसाला ती जाच वाटते. पण एकदा ठरले की मागे दुसरा माणूस पैसे मागायला येत नाही. सिंधुदुर्गात अनुसूचित क्षेत्र नाही, त्यामुळे अशा क्षेत्रांतील ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याची ताकद तुमच्या ग्रामसभांना नाही हे खरे. तरी वनहक्क कायदा इतर पारंपरिक वननिवासींनाही लागू आहे, तीन पिढ्यांचा म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. खाजगी जमिनीवर त्याचा उपयोग नाही, पण बागेला लागून असलेल्या वनजमिनीवरील वाटा आणि देवराया यांच्यासाठी तो वापरता येईल.


सुमात्रातून :

मी इंडोनेशियात पाम तेलाच्या गिरणीत यंत्रविभागात काम करतो, त्यामुळे गावाशी वाटाघाटी हे माझे काम नव्हे, पण त्यांचे परिणाम रोज फाटकावर दिसतात. भारत हा पाम तेलाचा जगातील सर्वांत मोठा आयातदार आहे, म्हणजे आपल्या फरसाणाचा आणि वनस्पती तुपाचा या गावांशी संबंध आहेच.

इथे गावासाठीचा वाटा कायद्यातच घातला आहे. २००७ च्या कृषी मंत्रालयाच्या नियमाने आणि पुढे २०१४ च्या मळे कायद्याने कंपनीवर भोवतालच्या लोकांसाठी २० टक्के क्षेत्राइतकी लागवड उभी करून देण्याचे बंधन आले. कंपनीच्या बागेला ‘इंटी’ आणि लोकांच्या वाट्याला ‘प्लाझ्मा’ म्हणतात. ऐकायला उत्तम आहे. व्यवहारात काय होते ते सांगतो. ती लागवड उभी करण्याचा खर्च कर्ज म्हणून लोकांच्याच नावे मांडला जातो आणि फळ विकले की त्यातून कापला जातो. किती कर्ज होते, किती फिटले, याचा हिशेब बहुतेकांना समजेल अशा भाषेत मिळत नाही. पामचा घड तोडला की साधारण एका दिवसात तो गिरणीत पोचावा लागतो, नाहीतर तेलातील आम्ल वाढते आणि दर पडतो. म्हणजे जवळची गिरणी ज्याची, त्यालाच फळ द्यावे लागते. दर प्रांताची समिती ठरवते हे बरे आहे, पण वजनकाटा आणि प्रतवारी गिरणीच्या हातात असते. सगळ्यात जास्त भांडणे मी त्या काट्यापाशी पाहिली आहेत.

जमिनीची बाब आणखी गुंतागुंतीची आहे. कंपनीला सरकारकडून पस्तीस वर्षांपर्यंतचा वापरहक्क मिळतो आणि तो वाढवून घेता येतो. अनेक गावांची समजूत अशी होती की आपण जमीन भाड्याने दिली आहे आणि मुदत संपली की ती आपल्याकडे येईल. प्रत्यक्षात मुदतीनंतर जमीन सरकारजमा होते. हे सही घेण्याआधी कोणी समजावून सांगितले असते तर कितीतरी गावांनी वेगळा विचार केला असता.

२००४ मध्ये शाश्वत पाम तेलासाठी जी गोलमेज संस्था स्थापन झाली, तिच्या नियमांत ‘मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती’ ही अट आहे. त्यातला मधला शब्द सर्वांत जास्त पायदळी तुडवला जातो : झाडे तोडून झाल्यावर संमतीची बैठक होते. पण चांगले काम झालेलेही मी पाहिले आहे. ज्या कंपन्यांनी लोकांना बरोबर घेऊन जागेवर चालत नकाशा केला, थडगी, फळझाडे, झरे, जुन्या शेतांच्या खुणा त्यावर मांडल्या आणि त्या नकाशाची प्रत गावात ठेवली, तिथे तक्रारी आल्या तरी त्या बोलण्यावर मिटतात. आपल्याकडे २०२१ साली ११,०४० कोटी रुपयांचे पाम तेल अभियान मंजूर झाले आहे. त्यात शेतकरी आपल्याच जमिनीत लागवड करतो आणि नेमून दिलेली कंपनी फळ विकत घेते, त्यामुळे जमिनीचा वाद कमी असेल. काट्याचा आणि हिशेबाचा वाद मात्र तोच राहील, म्हणून ईशान्येकडील आणि तेलंगणा-आंध्रातील मंडळींनी आतापासून तिकडे लक्ष द्यावे.


पाणवठा :

सर्वांचे प्रतिसाद वाचले. ग्रामसभा, मानकरी, मुंबई मंडळ या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे बोलणारे पुरुष असतात. व्हाळात पाणी किती आणि कोणत्या महिन्यात आटते हे विचारायचे असेल तर रोज तिथे कपडे धुणाऱ्या आणि हंडे भरणाऱ्या बायकांना विचारावे लागेल. काटक्या आणि कवळ कुठून आणतात हेही त्याच सांगू शकतील. बैठक दुपारी चार वाजता शाळेत ठेवली की त्या वेळी त्या गवताला किंवा गुरांमागे गेलेल्या असतात, आणि मग इतिवृत्तात ‘कोणाचीही हरकत नाही’ असे लिहिले जाते. कंपनीने वाडीवर जाऊन, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, बायकांची वेगळी बैठक घ्यावी आणि तिथे निदान एक तरी स्त्री कर्मचारी पाठवावी.

रोजगाराबद्दलही थोडे लिहिते. बागेत खुरपणी, अननस तोडणी, रोपवाटिका ही कामे स्थानिक बायकांना मिळतात, पण ती हंगामी असतात आणि मजुरी मुकादमाच्या हातून येते. रोजाचा दर फलकावर लावावा आणि पैसे थेट खात्यात द्यावेत. तणनाशक मारणाऱ्याला हातमोजे आणि तोंडाला आवरण देणे ही मेहेरबानी समजली जाऊ नये. गोचिडीतून पसरणाऱ्या माकडतापाचा प्रादुर्भाव २०१६ पासून दोडामार्ग परिसरात झाला, तेव्हा जानेवारी ते मे या काळात रानालगत काम करणाऱ्या मजुरांना गोचिडीपासून बचावाचे तेल देणे आणि ताप आला तर गाडीने प्राथमिक आरोग्य केंद्रात नेणे, हेही मालकाचेच काम आहे.


डोंगरवाट (धागालेखक) :

प्रतिसादांबद्दल आभार. ‘मळ्यावरचा’ यांच्या प्रश्नाला बगल देणार नाही. विकणाऱ्याने वहिवाट लपवली हा गावाचाच दोष आहे, आणि पैसे मागणारा माणूसही गावचाच आहे. तरीही माझ्या मते जबाबदारीचा मोठा वाटा घेणाऱ्याकडेच राहतो, कारण मोजणी, वकील आणि वेळ ही साधने त्याच्याकडे असतात आणि व्यवहार कधी करायचा हेही तोच ठरवतो. त्याने ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय लेखी मागून घ्यावा, मानकऱ्यांना आणि वाडीप्रमुखांना त्याच सभेला बोलवावे, आणि मुंबई मंडळाला पत्र पाठवून मे महिन्यात, माणसे गावी असतात तेव्हा, दुसरी सभा घ्यावी. सगळ्यांशी एकाच जागी बोलले की मध्यस्थाचा भाव आपोआप उतरतो.

‘सुमात्रातून’ यांनी सांगितलेला चालत केलेला नकाशा मला सर्वांत उपयोगी वाटला. तो करायला योग्य काळ दोन आहेत : एक दिवाळीनंतर, गवत कापून झाल्यावर वाटा दिसतात तेव्हा, आणि दुसरा मार्च-एप्रिलमध्ये, व्हाळात कुठे डोह उरले आहेत हे कळते तेव्हा. जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. देवराई, झरे आणि जुनी झाडे तिच्यात आधीच नोंदवली असतील तर कंपनीला नव्याने शोधावे लागणार नाही, नसतील तर याच निमित्ताने नोंदवावीत. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात २०१३ पासून उच्च न्यायालयाची वृक्षतोडबंदी आली आणि २०२४ च्या निकालात २५ गावांना संवेदनशील क्षेत्र ठरवण्याविषयी निर्देश दिले गेले, तेव्हा जंगल उतरवून नवी लागवड करण्याचा विचार असणाऱ्यांनी तर हा नकाशा आणि कागद पाहिल्याशिवाय पाऊलच टाकू नये.


मळ्यावरचा :

मुद्दे मालकांपुढे ठेवले. व्हाळाच्या दोन्ही बाजूंना फवारणी न करता पट्टा सोडणे, बांधालगत काजू लावणे, फवारणीची सूचना फलकावर लावणे आणि तरंगांच्या वाटेवर कुंपणाला फाटक ठेवणे, याला ते तयार आहेत. दसऱ्याच्या आधी फाटकाची किल्ली कोणाकडे असावी हे मानकऱ्यांनी लेखी कळवावे अशी त्यांची अपेक्षा आहे. उन्हाळ्यात व्हाळातला पंप बंद ठेवण्याबद्दल त्यांचे म्हणणे असे की रोपवाटिका जगवायला पर्याय हवा. पावसाळ्यात भरून घेण्याचे शेततळे उतारावर खोदता येईल, पण ते होईपर्यंत एक उन्हाळा जाईल. त्या एका उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीत बागेलाही एक दिवस मिळावा, असे ते सुचवत आहेत. हे वाडीला कितपत रुचेल ते मला सांगता येत नाही.

स्थानिकांना कामात प्राधान्य देण्याची अट मात्र ते लेखी द्यायला तयार नाहीत. चीक काढणे हे कौशल्याचे काम आहे, साल खोल कापली गेली तर झाड कायमचे बिघडते, आणि पहाटे अंधारात कामाला येणारी माणसे गावातून मिळत नाहीत असा त्यांचा अनुभव आहे.


जुना सातबारा :

पाण्याच्या पाळीत एक दिवस मागितला आहे तो मागण्याचा मार्ग योग्य आहे, कारण मागितला म्हणजे पाळी वाडीची आहे हे मान्य केले. वाडीने तो द्यावा की नाही हे तिचे तिने ठरवावे. दिला तर एका उन्हाळ्यापुरता आहे असे तारखेसह लिहून घ्यावे, नाहीतर वीस वर्षांनी बागेचाच सुखाधिकार तयार होईल.

कामाच्या बाबतीत, कोट्टायमच्या रबर मंडळातर्फे चीक काढण्याचे प्रशिक्षण दिले जाते. लेखी प्राधान्य देणे जड जात असेल तर मालकांनी वाडीतील काही मुलामुलींच्या प्रशिक्षणाचा आणि त्या काळातील रोजाचा खर्च उचलावा, झाडे चिकाला येण्याच्या आदल्या वर्षी. पहाटे कोण येते आणि कोण येत नाही ते तेव्हाच कळेल.


पाणवठा :

प्रशिक्षणाच्या यादीत मुलींची नावे येणार असतील तर पहाटे वाडीवरून बागेपर्यंत जाण्यायेण्याच्या गाडीची सोयही त्याच कागदात लिहावी.